डिझेल पिकअप ‘काही देतच नाही’ म्हणून बोंबलण्याआधी या चुका टाळा

मी टेक्सासमध्ये राहतो. थ्री-क्वार्टर टन (म्हणजे हेवी ड्युटी वर्गातली) डिझेल पिकअप घेतली, सेकंडहँड, कारण २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ओढायचा होता, आणि सांगलीहून बाबांचा पहिला प्रश्न अर्थातच "किती देते रे?" म्हटलं ट्रेलर लावून गॅलनला दहा मैल, म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर. पलीकडे जरा वेळ शांतता, मग "अरे मग एसटीच घ्यायचीस की."

इथे घोळ असा की या हेवी ड्युटी गाड्यांच्या स्टिकरवर मायलेजचा आकडाच नसतो. माल धरून ८,५०० पौंडांच्या वर वजनाची क्षमता असलेल्या पिकअपना अमेरिकेत तो छापायची सक्ती नाही, त्यामुळे एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५०० घेणारा माणूस कुणाच्या तरी हलक्या, हाफ-टन पिकअपचा आकडा डोक्यात घेऊन फिरतो आणि मग महिन्याभरात रडत बसतो. साधारण हिशोब सांगतो: रिकामी गाडी, सपाट हायवे, ताशी ६५ मैलांचा स्पीड, तर गॅलनला १७ ते २० मैल. गावात १२ ते १५. मागे उंच डब्यासारखा ट्रेलर असेल तर ९ ते ११. या आकड्यांत बसत असाल तर गाडीला काहीही झालेलं नाही, निवांत राहा.

पहिली चूक म्हणजे डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विश्वास. माझी स्क्रीन एकदा ११.२ दाखवत होती, हिशोब केला तर ३१८ मैलांना ३१.४ गॅलन लागलेलं, म्हणजे १०.१. टाकी फुल्ल, ट्रिप मीटर शून्य, पुन्हा फुल्ल, भागाकार, बस. पण यातही एक मेख आहे, डिझेलला फेस येतो आणि मोठ्या ट्रकवाल्यांच्या जलद पंपावर तर इतका येतो की नोझल दोन-तीन गॅलन आधीच खट् करून बंद पडतं, आणि तुम्हाला वाटतं वा, आज काय मायलेज दिलंय! पुढच्या वेळी ते सगळं वसूल होतं. म्हणून शक्यतो तोच पंप, हळू धार, आणि एका टाकीवरून निकाल लावायचा नाही, तीन-चार टाक्यांची बेरीज घ्यायची.

टायर मोठे टाकलेत का? मग हिशोब आणखी गंडतो. ३३ इंचाच्या जागी ३५ टाकले की चाक एका फेरीत सहा टक्के जास्त पुढे जातं, पण सेटिंग बदललं नसेल तर ओडोमीटरला त्याचा पत्ता नसतो. १०० मैल दाखवतो तेव्हा तुम्ही १०६ गेलेले असता. म्हणजे कागदावर १५ आले तर खरे जवळजवळ १६ आहेत. जड टायर आणि लिफ्ट किटमुळे (गाडी उंच करायचा सेट) मायलेज खरंच पडतं ते वेगळं, पण वाटतं तेवढं नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. लोक ट्रेलरच्या वजनावर खल करत बसतात, पाण्याची टाकी रिकामी करतात, भांडी कमी नेतात (बायको चिडते ते वेगळंच), आणि मग हायवेवर ७५ ने हाणतात. सपाट रस्त्यावर वजन नाही, वारा डिझेल खातो. आठ फूट रुंद आणि दहा-अकरा फूट उंच भिंत तुम्ही हवेतून ढकलताय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ६५ चे ७५ केले की ३३ टक्के जास्त. आणि समोरून २० मैलांचा वारा असेल तर ६५ ने जातानासुद्धा हवेला तुम्ही ८५ चे वाटता, विरोध थेट पावणेदोनपटीच्या जवळ. म्हणूनच सपाट ट्रेलरवर दहा हजार पौंड विटा नेणारा शेजारी, सहा हजार पौंडांच्या उंच डब्यापेक्षा चांगलं मायलेज घेऊन घरी येतो आणि आपल्याला कळत नाही कसं काय.

पश्चिम टेक्सासला आय-१० वर काही ठिकाणी ८० ची लिमिट आहे. तिथे मी समोरच्या वाऱ्यात ७४ ने गेलो, साडेआठ पडलं. येताना ६२ धरला, बारा पडलं. येताना वारा पाठीशी होता हे खरंय, त्यामुळे सगळं श्रेय माझ्या शहाणपणाला देऊ नका. पण बऱ्याच ट्रेलर टायरांची मर्यादा मुळात ६५ ची असते, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलर लावल्यावर कायद्यानेच ५५, तेव्हा हळू चालवायला तसंही कारण आहेच.

घाटात आकडा बघूच नका. डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना, ११ हजार फुटांच्या वर, स्क्रीनवर पाच-सहा दिसेल. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर बदलण्याची वेगळी सेटिंग) लावा, चढावर स्पीड थोडा पडू द्या, क्रूझ कंट्रोल काढून टाका नाहीतर गाडी खालचा गिअर घेऊन किंचाळत राहते. चढ आणि उतार दोन्हींचा मिळून हिशोब करा.

मग ही नवी डिझेलं आणि त्यांचा फिल्टर. २००७ नंतरच्या गाड्यांत काजळी पकडणारा डीपीएफ असतो, तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून तो ५५०-६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवते आणि काजळी जाळते, यालाच रीजेन म्हणतात. तेवढा वेळ मायलेज पडणारच. घोळ होतो तो शाळा-किराणा-घर अशा छोट्या फेऱ्यांनी, रीजेन सुरू झालं की तुम्ही गाडी बंद करता, पुन्हा पहिल्यापासून. वर थंडीत अर्धा तास गरम करत उभी ठेवायची, त्यात तासाला अर्धा गॅलन नुसता जातो. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास हायवेला काढा. आणि कुणी म्हणालं डीपीएफ काढून टाक, दोन मैल वाढतील, तर हात जोडा. क्लीन एअर अॅक्टखाली ते बेकायदेशीर आहे.

मागचं फाळकं उघडं ठेवल्याने काही फायदा नाही. टायरमध्ये हवा भरताना दारावरचं स्टिकर बघा, टायरवर लिहिलेली कमाल ८० पीएसआय भरून रिकामी गाडी उडवत नेऊ नका.

एवढं सगळं नीट करूनही नेहमीच्याच रस्त्यावर अचानक दोन-तीन मैल पडले तर मग शोधायचं. एअर फिल्टर. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा भाग) पाइप सुटलाय का, जोर दिला की सूं आवाज येतो आणि ओढ कमी लागते. थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय का, म्हणजे हायवेवर अर्ध्या तासानेही टेम्परेचरचा काटा वर येत नाही. रीजेन सारखं सारखं होतंय का. आणि ट्रेलरचे ब्रेक, हे कुणी बघतच नाही. माझं ८.३ वर आलं होतं, दोन महिने इंजिनाला शिव्या घातल्या, इंजेक्टरपर्यंत मजल गेली. मग एकदा डिझेल भरताना ट्रेलरजवळून गेलो तर डाव्या मागच्या चाकापाशी जळका वास, हात जवळ नेला तर झळ. बाकी तिन्ही चाकांचे हब (मधले भाग) कोमट. ब्रेक चिकटून बसला होता, आणि मी तो तसाच शेकडो मैल ओढत होतो. आता वीस डॉलरची टेम्परेचर गन दारातच ठेवलीय, पंपावर थांबलो की आधी चारही हब मोजतो, मग नोझल उचलतो.