रात्रपाळीत नको तो विचार आला तर

सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माझी रात्रपाळी असते. पहाटे तीनला मनात येतं, ‘देवानं तुला केव्हाच टाकलंय.’ धागा तुटला की माग थांबवून गाठ मारतो ना, तसा तो विचार तिथंच धरायचा. वाद घालायचा नाही, बोलण्यात सैतान आपल्याला हरवतो. अरण्यात सैतानानं येशूला तीनदा मोह घातला, तेव्हा येशूनं तिन्ही वेळा बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचनच पुढं केलं (मत्तय 4). माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर याकोब 4:7 आहे: आधी देवाच्या अधीन व्हायचं, मग सैतानाला अडवायचं. क्रम उलटा करून मी बराच काळ फसलो. वचन मोठ्यानं म्हणा. मागाच्या खडखडाटात कोण ऐकतंय! झोपच उडाली असेल तर मात्र डॉक्टरकडेही जा. आणि रविवारी चर्चच्या मंडळीतल्या एकाला तरी सांगा, चहा पिता पिता.