वाड्याचा दर्शनी भाग पूर्वरूपात आणताना

जुन्या वाड्याचा दर्शनी भाग पुन्हा जुना दिसावा असे मनात आले की बहुतेक घरमालक काय लावायचे याचा विचार आधी करतात. खरे काम काय काढायचे हे ठरवण्यापासून सुरू होते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत भिंतीवर चढलेला सिमेंटचा गिलावा, जोत्याच्या दगडाला फासलेला ऑइलपेंट, ओट्यावर बसवलेली चकचकीत फरशी, पुढे काढलेली पत्र्याची पडवी, सागवानी चौकट उखडून बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी या सगळ्यांखाली मूळ वाडा बहुधा शाबूत असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तयार महिरपी आणि दगडाची नक्कल करणाऱ्या टाइल्स यांनी आणलेली ‘पेशवाई’ एखाद्या उपाहारगृहाला शोभेल, राहत्या घराला नाही.

घराचा कोणता काळ धरायचा हेही आधीच ठरवावे. मंगळुरात बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, त्यामुळे पेशवेकालीन वाड्यावर मंगलोरी कौले असतील तर ती नंतर चढली हे उघड आहे. पण म्हणून ती उतरवून नळीची कौले शोधत फिरावे, असे मला वाटत नाही. पुढच्या पिढ्यांनी समजून-उमजून केलेला बदलही त्या घराचाच असतो. काढायचे ते घराला इजा करणारे. नमुन्यासाठी पुण्यातला विश्रामबागवाडा किंवा वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा जरूर पाहावा, मात्र त्यांच्या खांबांची नक्कल न करता दगड कुठे संपतो, वीट कुठे सुरू होते आणि लाकडाला किती जागा दिली आहे हे न्याहाळावे. आपल्या घराची जुनी छायाचित्रे, विशेषतः दारात काढलेली लग्नामुंजींची, याहून अधिक उपयोगी पडतात.

घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा 200 मीटरचा पट्टा नियंत्रित असतो, त्यामुळे शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना दुरुस्तीसाठीही कागदपत्रे करावी लागतात.

आता भिंत. जुन्या भिंती चुन्यात किंवा मातीत रचलेल्या असून जमिनीतली ओल वर ओढून घेणे आणि ती पृष्ठभागातून हवेत सोडून देणे हा त्यांचा स्वभाव आहे. वर सिमेंट चढले की ही ओल आत कोंडते, क्षार घेऊन आणखी वर चढते, भिंतीला लोणा लागतो आणि विटांचा भुगा होऊ लागतो. वरून मात्र गिलावा ठणठणीत दिसत राहतो. बोटाच्या पेराने भिंत ठोकत जावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथून सिमेंट हातछिन्नीने अलगद सोडवावे, विटेला चिकटून बसले असेल तिथे जबरदस्ती करू नये आणि यंत्राने तर मुळीच तोडू नये. मातीच्या भिंतीवरचा गिलावा कधीकधी एकदम तक्त्यासारखा सुटून येतो, म्हणून खाली कोणी उभे राहू नये. विटा उघड्या पडल्या की मोकळ्या दर्जा (विटांमधले सांधे) दोन-अडीच सेंटिमीटर खोल खरवडून घ्याव्यात आणि त्या चुन्यातच भराव्यात. दर्ज नेहमी विटेपेक्षा मऊ हवी. सिमेंटची भरली तर काही पावसाळ्यांनी दर्ज जागेवर राहते आणि वीट झिजून आत जाते.

चुना विकत आणून लगेच वापरता येत नाही. कळीचा चुना पाण्यात विरवताना पाणी उकळते आणि शिंतोडे उडतात, त्यामुळे चष्मा व हातमोजे घालून, थोडा थोडा चुना पाण्यात सोडत हे काम करावे. तो पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्यावा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मग एक भाग चुन्याला तीन भाग चाळलेली वाळू घ्यावी आणि जोत्याजवळच्या ओलसर पट्ट्यात वाळूपैकी एक भाग कमी करून त्याजागी सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) घालावी. गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालण्याची रीत आहे. प्रमाण मात्र चुन्यात हात बसलेल्या गवंड्यावर सोपवावे. भिंत आदल्या दिवसापासून भिजवून, एकेक थर साधारण एक सेंटिमीटरपेक्षा जाड न करता लावावा आणि ओले गोणपाट टांगून आठवडाभर सावलीत ठेवावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो तडकतो आणि पावसाळ्यात वाळत नाही, म्हणून दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ उत्तम.

जोत्याच्या काळ्या दगडावरचा ऑइलपेंट रंग काढायच्या रसायनाने, आधी कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहून, काढावा. वाळूच्या माऱ्याने दगड स्वच्छ होतो खरा, पण टाकीच्या घावांची नक्षीही पुसली जाते.

लाकडाबाबत घाई झाली की नुकसान कायमचे होते. आमच्या दिंडी दरवाज्यावर ऑइलपेंटचे सात थर निघाले. सर्वांत खालचा गर्द हिरवा होता आणि त्याखालच्या सागाला तेलाची चमक तशीच होती. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून कोरडे घासू नये. रसायनाने मऊ करून बोथट पत्र्याने खरवडावे आणि मुलांना दूर ठेवावे. आगीच्या दिव्याने रंग भाजू नये, कारण फटीतला भुसा आतल्या आत धुमसत राहतो. तुळईचे किंवा खांबाचे टोक कुजले असेल तर तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्यात बसवणारा सुतार शोधावा. अख्खा खांब बदलण्याची गरज क्वचितच पडते. शेवटी बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) दोन-तीन पातळ हात पुरतात. व्हार्निशचा काचेसारखा थर उन्हात सोलपटतो.

वळचण आणि पन्हळ यांची दुरुस्ती मात्र गिलाव्याच्या आधी उरकावी, नाहीतर नव्या भिंतीवर पहिल्याच पावसात ओघळ उतरतात. विजेच्या तारा, केबल, मीटरच्या पेट्या बोळाकडच्या भिंतीला घेता आल्या तर दर्शनी भाग निम्मा तिथेच सुधारतो.

रंग शेवटी. वळचणीखाली, जिथे ऊनपाऊस पोहोचत नाही, तिथे पात्याने तळहाताएवढी जागा थरावर थर खरवडून पाहावी. काव, निळीची झाक असलेली सफेदी, फिकट पिवळा असे जुने रंग तिथेच सापडतात. चुन्याची सफेदी दुधासारखी पातळ करून तीन हात द्यावेत. ओली असताना ती जवळजवळ पारदर्शक दिसते आणि नवखा माणूस घाबरून घट्ट करतो. दुसऱ्या दिवशी ती आपोआप पांढरी होते. दर दोन-तीन वर्षांनी नवा हात द्यावा लागेल. उरलेला चुना पिंपात पाण्याखाली झाकून ठेवावा, तो पुढच्या वेळी अधिकच चांगला निघतो.