अडॅप्टर फक्त पिन बदलतो

मी भारतातून इकडे परदेशात आले तेव्हा बॅगेत हौसेने विजेची किटली आणली होती. किटली २३० व्होल्ट, १५०० वॅटची आणि भिंतीत १२० व्होल्ट. अडॅप्टर लावला, पिन झकास बसली, लाल दिवाही लागला. पंधरा मिनिटं झाली तरी भरलेल्या किटलीला उकळी काही येईना. बिघाड कसलाच नव्हता. व्होल्टेज निम्म्यावर आलं की उष्णता पावपट होते, त्यामुळे माझी किटली जेमतेम ४०० वॅटची झाली होती. याच्या उलट करणारे तर धूरच काढतात. १२० व्होल्टचा हेअर ड्रायर २३० वर लावला तर तो जवळजवळ चौपट वीज ओढतो आणि काही क्षणांत जळतो.

म्हणून बॅग भरताना आधी प्रत्येक वस्तूवरची ती बारीक अक्षरं वाचा. डोळे ताणावे लागतील, मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. 'इनपुट'पुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर निर्धास्त आणा. फोन, लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर बहुतेक असेच असतात, त्यांना नुसता अडॅप्टर पुरतो. फक्त २२०-२४० लिहिलंय आणि जायचंय अमेरिकेत किंवा १०० व्होल्टच्या जपानात? मग ती वस्तू घरीच राहू द्या. इस्त्री, किटली, ड्रायर यांच्यासाठी व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर आणायचा तर तो विटेसारखा जड, वर उपकरणाच्या वॅटपेक्षा मोठा हवा. त्यापेक्षा इकडे नवीन घ्या, खरंच.

हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं करते तो आकडा. त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. ५० हर्ट्झवर चालणारं जुन्या पद्धतीचं विजेचं घड्याळ ६० हर्ट्झवर तासाला १२ मिनिटं पुढे पळतं, मग ट्रान्सफॉर्मर कितीही चांगला असो.

अडॅप्टरवरही अँपिअर लिहिलेले असतात. ६ अँपिअरचा अडॅप्टर २३० व्होल्टवर साधारण १३८० वॅट झेपवतो, १२० वर ७२० च. त्यावर एक्स्टेंशन लावून सगळं घर चालवू नका. हात लावून पाहा, गरम लागला तर काढा. तीन पिनांची वस्तू दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसली की अर्थिंग तुटतं. धातूच्या बॉडीच्या वस्तूला तसं अजिबात करू नका. चार्जरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर त्याला अर्थिंग लागतच नाही.

ब्रिटनमध्ये जाणाऱ्यांनो, तिथल्या जाड चौकोनी पिनांच्या प्लगच्या आत फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. वस्तू अचानक बंद पडली तर आधी तो बघा. आणि सॉकेटला बहुधा बटण असतं. ते बंद ठेवून रात्रभर फोन चार्ज होण्याची वाट मी स्वतः पाहिली आहे!

राहायलाच आला असाल तर अडॅप्टरांचा संसार मांडू नका. लॅपटॉपच्या चार्जरची भिंतीकडची वायर बहुधा सुटी निघते. तिचं चार्जरमध्ये जाणारं टोक बघा: आठच्या आकड्यासारखं, नाहीतर तीन पाकळ्यांचं. तसंच टोक आणि इथला प्लग असलेली वायर दुकानात मिळते. ती जोडली की चार्जर जुनाच, पण भिंतीत लोंबकळणारा सैल अडॅप्टर गेला. माझा लॅपटॉप पहिल्या महिन्यानंतर असाच चालला.