ताइअर्झुआंगची लढाई (1938) कागदावर कशी मांडावी

चीन-जपान युद्धाची वर्णनं वाचताना गावांची आणि सेनापतींची नावं डोक्यात कालवली जातात. यावर उपाय म्हणजे नकाशा स्वतः काढणं. सुरुवातीला ताइअर्झुआंग घ्या, पूर्व चीनमधलं श्युझोउ शहराजवळचं गाव. लढाई छोट्या मुलखात झालेली आहे आणि एका ए-4 कागदावर मावते.

कागद आडवा धरा. प्रमाण 1 सेंमी = 5 किमी. डाव्या कडेपासून 4 सेंमी आणि खालच्या कडेपासून दीड सेंमीवर श्युझोउ. बाकीची मापं तिथूनच, सेंमीमध्ये: हानझुआंग उजवीकडे 3, वर साडेसात, लिनचेंग उजवीकडे 1, वर 12, तेंगश्येन डावीकडे जेमतेम 1, वर 18, झाओझुआंग उजवीकडे साडेसहा, वर 13, ताइअर्झुआंग उजवीकडे पावणेदहा, वर पावणेसात, लिन्यी उजवीकडे 21, वर साडेसतरा. ही मापं ढोबळ आहेत, पण लढाई समजायला पुरेशी.

जुन्या पुस्तकांतून नावं घेताना एक चूक हमखास होते. श्युझोउ तिथे ‘सुचाऊ’सारखं छापलेलं असतं आणि वाचणारा थेट शांघायजवळच्या सूझोउवर बोट ठेवतो. दोन्हींत साडेचारशे किलोमीटरचं अंतर आहे.

गावांआधी खरं तर लोहमार्ग पक्के करा. त्येनजिन-पुकोउ मार्ग तेंगश्येन, लिनचेंग, हानझुआंग, श्युझोउ असा उतरतो. लोंगहाई मार्ग श्युझोउतून पूर्व-पश्चिम जातो. लिनचेंगहून फुटणारा फाटा झाओझुआंग आणि ताइअर्झुआंगवरून खाली लोंगहाईला मिळतो. हा फाटा विसरलात तर जपानी तुकडी या आडगावात का आली ते कळणारच नाही. मग महाकालवा (चीनचा जुना ‘ग्रँड कॅनॉल’): हानझुआंगपाशी लोहमार्गाखालून पूर्वेकडे. ताइअर्झुआंग त्याच्या उत्तर काठावर ठेवा. बरेच जण गाव दक्षिणेला ढकलतात आणि मग कालव्याचा अर्थच उलटा होतो. गाव राखणाऱ्या चिनी सैनिकांच्या पाठीमागे पाणी होतं.

आता तुकड्या, प्रत्येकीसाठी एक चौकोन. चिनी लाल, जपानी निळ्या. इथे चौकोनांच्या आकाराला भुलू नका. चिनी डिव्हिजन कागदावर दहा-अकरा हजारांची, प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमी. जपानी डिव्हिजन वीस हजारांच्या वर, शिवाय तोफा कितीतरी जास्त. एका लाल चौकोनासमोर एक निळा चौकोन काढून बरोबरी दाखवणं चूक. दुसरं, जपानी 10वी (सेनापती इसोगाई) आणि 5वी (सेनापती इतागाकी) डिव्हिजन गावात पूर्ण उतरल्या नव्हत्या. तिथे लढली त्यांतली सेया तुकडी, नंतर मदतीला साकामोतो तुकडी. निळा बाण त्या बेतानेच बारीक ठेवा.

हालचाली मूळ कागदावर काढू नका, खिचडी होते. चार ट्रेसिंग पेपर घ्या.

पहिला, मार्चचा मध्य: तेंगश्येनला वांग मिंगझांग यांची चिनी 122वी डिव्हिजन जपान्यांना अडवून धरते, ते स्वतः 17 मार्चला मारले जातात, तिकडे लिन्यीला चिनी सेनापती पांग बिंगश्युन आणि मदतीला आलेले झांग झीझोंग इतागाकीच्या सैन्याला रोखतात. लिन्यीचा बाण तिथेच तोडा. दोन जपानी फळ्या वेळेत जुळल्या नाहीत, सगळी मेख यात आहे.

दुसरा, 24 मार्च: सेयाचा बाण फाट्यालगत खाली. गावात सुन ल्येनझोंग यांच्या सैन्यातली ची फेंगचेंग यांची 31वी डिव्हिजन.

तिसरा, एप्रिलची सुरुवात: गावाचा बहुतांश भाग जपान्यांकडे. या प्रमाणात गाव टिंबाएवढंच राहतं, म्हणून गल्लीबोळातली लढाई कोपऱ्यात वेगळ्या चौकटीत काढा.

चौथा, 6-7 एप्रिल: तांग एनबो यांचा लाल बाण झाओझुआंगपलीकडच्या डोंगराळ भागातून खाली, जपान्यांच्या पाठीवर. तो दक्षिणेतून काढलात तर वेढा दिसतच नाही.

जपानी हानीचे आकडे पेन्सिलीनेच लिहा. चिनी दावे वीस-तीस हजारांचे. जपानी नोंदीत 5व्या आणि 10व्या डिव्हिजनचे मिळून मृत-जखमी सुमारे 12,000, तेही फेब्रुवारी ते मे अशा मोठ्या काळातले. जाता जाता, सोलापूरचे डॉ. कोटणीस या नकाशात शोधू नका. ते चीनला पोचले सप्टेंबर 1938 मध्ये.

शेवटच्या कागदावर चिनी पाठलागाचा लांबलचक बाण काढायचा मोह होतो, तो आवरा. जपानी उत्तरेकडे सरकून झाओझुआंगच्या परिसरात पाय रोवून बसले, आणि 19 मे रोजी श्युझोउ पडलं.