'बॉनी अँड क्लाइड' बघायचाय? मग असा बघा

१९६७ चा आर्थर पेनचा 'बॉनी अँड क्लाइड' बघणार असाल तर आधी या खऱ्याखुऱ्या अमेरिकन दरोडेखोर जोडीचा इतिहास वाचू नका, पहिल्यांदा कोरा बघा. नंतर कधीतरी परत लावा आणि तेव्हा रिमोट हातात ठेवा, कारण खऱ्यात मसाला कुठे टाकलाय ते पकडायचंय.

सुरुवातीचा गाडी चोरायचा सीन बनवलेला आहे, खरं तर दोघं जानेवारी १९३० मध्ये डॅलसला ओळखीच्यांच्या घरी भेटले. क्लाइड लंगडतो ते मात्र अस्सल. तुरुंगाच्या शेतावर राबणं टळावं म्हणून त्याने पायाची दोन बोटं तोडून घेतली आणि थोड्याच दिवसांत पॅरोल मिळाला, काय बोलणार! मॉस नावाचं पोरगं खऱ्या गँगमध्ये शोधू नका, जोन्स आणि मेथविन अशा दोघांचं मिळून ते एक पात्र केलंय.

आता बँका. पिक्चरमध्ये ते 'आम्ही बँका लुटतो' असं ऐटीत सांगतात, मंदीत बँकेने घर घेतलेला शेतकरी भेटतो, आपल्याला पण वाटतं वा, गरिबांचे हिरो! प्रत्यक्षात या गँगने बँकांपेक्षा किराणा दुकानं आणि पेट्रोल पंपच जास्त लुटले, आणि डझनभर माणसं मारली, त्यात बरेचसे पोलीस. त्यामुळे बँजो वाजायला लागला आणि पाठलाग मजेशीर वाटायला लागला की जरा सावध व्हा, दिग्दर्शक तुम्हाला गाडीत त्यांच्या शेजारी बसवतोय (आणि जाम भारी बसवतो, ते मान्यच).

त्यांच्या मागावर असलेल्या फ्रँक हेमर या पोलिसाला पकडून त्याच्यासोबत फोटो काढतात तिथे पॉझ करा. हे साफ खोटं. हेमर त्यांना ते मारले गेले त्या दिवसाआधी कधी समोरासमोर भेटलाच नव्हता, त्याच्या बायकोने या चित्रणावरून केस केली आणि कोर्टाबाहेर तडजोड झाली. पण फोटोंचा शौक खरा, एप्रिल १९३३ मध्ये मिसूरीतल्या जॉप्लिनच्या घरातून पळताना रोल मागे राहिले आणि पोलिसांना मिळाले. बॉनीचा तोंडात सिगारवाला फोटो त्यातलाच, मोबाईलवर शोधून पिक्चरमधल्या बॉनीच्या, म्हणजे फे डनअवेच्या शेजारी ठेवून बघा.

मग बॉनीचा पाय बघा. जून १९३३ ला टेक्सासमध्ये गाडी उलटली, पाय भयंकर भाजला, त्यानंतर तिला नीट चालता येईना, कितीदा क्लाइड उचलून न्यायचा. पिक्चरमध्ये याचा पत्ताच नाही, ती शेवटपर्यंत मस्त चालते, आणि मला तरी हीच सगळ्यात मोठी चलाखी वाटते.

शेवटी क्लाइड गाडीतून उतरलेला दिसतो, पण २३ मे १९३४ ला लुइझियानात पोलिसांनी गोळ्या घातल्या तेव्हा दोघंही गाडीतच होते. ती बाजू हवी असेल तर 'द हायवेमेन' (२०१९) लावा, केव्हिन कॉस्टनर हेमर झालाय आणि गोष्ट सगळी पोलिसांच्या नजरेतून आहे. फक्त तो आधी बघू नका.