थंडीत काटा वर चढेना

जानेवारीत नाशिकची द्राक्षं घेऊन दिल्लीला निघालो होतो. ग्वाल्हेरच्या पुढे रात्री इंजिनाच्या टेंपरेचरचा काटा ६० च्या वर जाईना. हीटर गार, सकाळी पांढरा धूर, अ‍ॅव्हरेजही घसरलेलं.

आग्र्याला गॅरेजात थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या वॉल्वचं) हाउसिंग उघडलं, तर आत वॉल्वच नाही! उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून कुणीतरी आधीच काढून टाकलेला. ही पद्धत आपल्याकडे फार आहे आणि ती इंजिनाचं आयुष्य खाते. वॉल्व नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन हवं तेवढं तापतच नाही. डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं डिझेल लायनरवरचं (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीवरचं) ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं.

८२ डिग्रीचा नवा वॉल्व आणला. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात टांगून तापवला, बरोबर उघडला. नवं पॅकिंग टाकलं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, हवा काढली. काटा ८० च्या आसपास स्थिरावला, हीटरही गरम.

थंडीत इंजिन गरम राहावं म्हणून रेडिएटरसमोर पुठ्ठा लावणारे बरेच दिसतात. पुढे इंटरकूलर (टर्बोने इंजिनात दाबलेली हवा गार करणारी जाळी) असेल तर मी लावतच नाही, टर्बोची हवा गार होणं अडतं. वॉल्ववर डिग्रीचा आकडा कोरलेला असतो. तो आपल्या इंजिनाशी जुळतो का, हे बघूनच घ्या.