पावसाआधी खड्डे मारताय? मिनी ट्रॅक्टरला ऑगर जोडायच्या आधी हे वाचा

मे अर्धा सरला की गावोगाव एकच धावपळ, ज्याला यंदा डाळिंब, आंबा, पेरू नाहीतर सीताफळ लावायचंय तो खड्ड्यांच्या मागं लागलेला असतो. मजूर मिळत नाही, मिळाला तरी या उन्हात दिवसाला किती खड्डे काढणार, म्हणून मिनी ट्रॅक्टरच्या मागं ऑगर, म्हणजे स्क्रूसारखं फिरून भोक पाडणारं मशीन, जोडून खड्डे मारून घ्यायचं आता सगळीकडं चालू झालंय आणि ते चांगलंच आहे, मी स्वतः सगळ्यांना तेच सांगतो. फक्त मशीननं पाडलेल्या भोकात तसंच रोप लावून मोकळं होऊ नका, झाड पुढची 15-20 वर्षं तिथंच उभं राहणारे आणि एकदा लावल्यावर मुळाखालची माती कुणाला बदलता येत नाही.

आधी साधा हिशोब बघा. डाळिंबाला आपण 2 बाय 2 बाय 2 फुटांचा खड्डा म्हणतो, म्हणजे 8 घनफूट माती मोकळी झाली. तेच 12 इंची ऑगरनं 2 फूट खोल मारलं तर जेमतेम दीड घनफूट मोकळी होते, म्हणजे पाचवा हिस्सा! 18 इंचीनं साडेतीन घनफूट आणि 24 इंचीनं सव्वासहा. भाड्यानं येणारा माणूस 12 इंची घेऊन येतो कारण ते पटापट जातं, डिझेल कमी लागतं आणि खड्ड्यावर पैसे ठरलेले असतात, त्यात त्याची चूक नाही, पण बोलणी करतानाच किती इंची पातं आणि किती खोल हे ठरवून घ्या. 15 बाय 10 फुटांवर डाळिंब म्हणजे एकरी 290 खड्डे होतात, एवढे सगळे अरुंद झाल्यावर मग वाद घालून काय उपयोग. माझं मत विचाराल तर फळझाडाला 18 इंचीच्या खाली जाऊच नका. आंब्याला तर 3 फुटी चौरस खड्डा सांगतात, तिथं ऑगरनं चार कोपऱ्यांत चार भोकं मारायची आणि मधला भाग टिकावानं पाडायचा, निम्म्याहून जास्त मेहनत वाचते. कुंपणाच्या खांबांना मात्र 9 इंची भरपूर झालं, तिथं भोक जितकं अरुंद तितका खांब घट्ट बसतो.

आता ट्रॅक्टर. 18 ते 25 एचपीचा मिनी ट्रॅक्टर मऊ जमिनीत 12 इंची आरामात ओढतो, 18 इंचीला जमीन बघून दमानं घ्यावं लागतं आणि 24 इंची त्याला लावूच नका, त्यासाठी 35-40 एचपीचा मोठा ट्रॅक्टर बोलवा. मागं ऑगर उचललेला असताना पुढची चाकं हलकी वाटत असली तर पुढं वजनं टाका, उतारावर तर टाकाच. पीटीओ शाफ्टची, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद ऑगरपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याची, लांबी दुसऱ्या ट्रॅक्टरवरून आणलेली तशीच चालेल असं धरू नका, लिफ्ट अगदी हळू वरपासून खालपर्यंत नेऊन बघा, कुठं शाफ्ट आत टेकतोय का नाहीतर सुटायला आलाय का. लांब शाफ्ट टेकला की दाब सरळ गिअर बॉक्सवर येतो आणि तो खर्च लहान नसतो.

शाफ्टच्या जोडातल्या शिअर बोल्टबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथंच जास्त नुकसान होतं. ऑगर दगडात अडकला की हा बोल्ट तुटतो, तो तुटण्यासाठीच दिलेला असतो, तो तुटला म्हणून गिअर बॉक्स वाचला. पण दोन-तीनदा तुटला की लोक वैतागतात आणि दुकानातून सगळ्यात कडक बोल्ट आणून ठोकतात, मग पुढच्या दगडाला बोल्ट शाबूत राहतो आणि गिअरचे दात जातात. कंपनीनं सांगितलेल्या मापाचे आणि त्याच ताकदीचे पाच-सहा बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा, आणि सारखा तुटायला लागला तर समजा की ही जमीन या ऑगरची नाही.

मारायची पद्धत पण आहे. पीटीओ फुल्ल वेगात नको, मिनिटाला 540 फेऱ्यांचा आकडा गाठायची इथं काही गरज नाही, इंजिन कमी रेसवर ठेवा. एका दमात 2 फूट खाली सोडलं की ऑगर स्क्रूसारखा जमिनीत रुतून बसतो आणि मग लिफ्टला पण निघत नाही. म्हणून अर्धा फूट खाली, वर उचला, माती बाहेर पडू द्या, परत खाली. रुतलाच तर हायड्रोलिकनं ओढत बसू नका, ट्रॅक्टर बंद करा, पीटीओ काढा, चावी खिशात ठेवा आणि मोठ्या पाइप पान्यानं ऑगर हातानं उलटा फिरवून सोडवा.

आणि कृपा करून ऑगरच्या दांडीवर माणूस बसवू नका. जमीन कडक लागली की हमखास कुणीतरी पोरगा वजन द्यायला वर चढतो, हे मी अनेक शेतांत बघितलंय आणि दरवेळी पोटात गोळा येतो. फिरत्या शाफ्टला टॉवेलचा शेव, साडीचा पदर, सैल बाही लागली की सोडवायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं गार्ड तुटलेलं असलं तर काम सुरूच करू नका. एका खड्ड्यावरून दुसऱ्यावर जाताना पीटीओ बंद, आणि चालवणारा सोडून बाकी सगळे लांब.

जमिनीप्रमाणं बोलायचं तर सांगोला, आटपाडीकडच्या मुरमाड रानात फुटभर खाली मुरूम लागतो, तिथं आदल्या दिवशी उथळ भोक मारून त्यात पाणी सोडून ठेवा, दुसऱ्या दिवशी मुरूम बराच ऐकतो. कोकणात कातळावर या ऑगरचं काही चालत नाही, तिथं ब्रेकरच लागतो, उगाच पात्याचे दात झिजवू नका.

काळ्या जमिनीत मात्र वेगळीच गोष्ट होते आणि ती वरून दिसत नाही. वळीव पडून गेलाय, जमीन ओली आहे, ऑगर लोण्यासारखा जातो म्हणून माणूस खूष होतो. खड्ड्यात वाकून बघा, भिंत गुळगुळीत, चकचकीत दिसेल, बोट फिरवलं तर सारवल्यासारखी लागेल. ओली चिकणमाती पात्यानं दाबून लिंपली जाते, तिच्यातून पाणी मुरत नाही आणि कोवळी मुळं पण पलीकडं जात नाहीत, आतल्या आत गोल फिरत बसतात, रोप जणू कुंडीतच लावलंय. जुलैत पाणी साचलं की मूळ कुजतं, डाळिंबात तर मर रोग लागायला एवढं निमित्त पुरतं. त्यामुळं वापसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीची ओल निघून माती भुसभुशीत झाल्याशिवाय, मशीन घालू नका, आणि कोरड्यात मारले असले तरी रोप लावायच्या आधी पहारीनं प्रत्येक खड्ड्याच्या भिंतीला चारी बाजूंनी खाचा पाडा, तळ पण वीतभर उकरून घ्या. खड्ड्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात, दोन माणसं एका दिवसात बरंच रान उरकतात. खात्री करायची तर एखाद्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, दुसऱ्या दिवशी पण तसंच दिसलं तर तिथं गादीवाफा, म्हणजे मातीचा उंच वाफा, करूनच लावा.

मारताना वरची फूटभर माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला ओढायला एक माणूस फावडं घेऊन ठेवा, ऑगर सगळं एकत्र करून टाकतो. खड्डे पंधरा दिवस तरी उन्हात तापू द्या, पण उघडे खड्डे पोराबाळांना आणि जनावरांना धोक्याचे, रस्त्याकडेच्या खड्ड्यांवर काटेरी फांद्या टाका. भरताना तळाला पालापाचोळा, मग वरची माती, चांगलं कुजलेलं दोन घमेली शेणखत, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट खत आणि निंबोळी पेंड मिसळून. ताजं शेण नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते.

योजनेतून लागवड करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, रोजगार हमीच्या फळबागेत काम मजुरांकडूनच करून घ्यायचं असतं, तिथं मशीननं खड्डे मारले तर मजुरीचे पैसे अडकू शकतात, म्हणून आधी गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) विचारा. आणि ऑगर अनुदानावर घ्यायचा असला तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा, आधीचं बिल धरत नाहीत.

मशीन बोलवायच्या आदल्या संध्याकाळी सुतळी धरून फक्कीनं जागा आखून ठेवा, आणि जमिनीखालून पाइपलाइन किंवा मोटारीची केबल कुठून गेलीय ते घरातल्या जुन्या माणसाला विचारून तिथं खुणेच्या काठ्या रोवा. रोहिणी निघते 25 मेच्या सुमारास, मृग 7-8 जूनला, त्याच्या आत खड्डे भरून जमिनीच्या वर वीतभर माती चढलेली पाहिजे, पहिल्या पावसात ती खाली बसते. मधोमध काठी रोवून ठेवा, म्हणजे रोप लावताना खड्ड्याचा मध्य शोधत बसावं लागणार नाही.